क्लॉपला काढलं नाही, ते बरं झालं

डॉर्टमुंड,
१४ जून २०१५

प्रिय संदीप,

परवा फोनवर आपल्या डॉर्टमुंडच्या फुटबॉल संघाच्या कोचबद्दल तू म्हणालास, "फेब्रुवारीतच क्लॉपला नारळ द्यायला पाहिजे होता." तेव्हा मी ट्रामच्या स्टॉपवर होतो, धड बोलता आलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज रविवार गाठून सविस्तर लिहितोय.

सीझन वाईट गेला, हे मी नाकारत नाही. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकलेला, २०१३ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलेला हा संघ. तो या फेब्रुवारीत अठराव्या नंबरवर होता, आणि इथं लीगमध्ये संघच मुळी अठरा असतात. ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावर पहिलीच मॅच, लेव्हरकुसेनशी. त्यांच्या बेलाराबीनं नवव्या सेकंदाला गोल मारला. लोक अजून आपापल्या जागेवर पोचत होते, मर्दा! तिथून जी घसरण लागली ती थांबेचना. पहिल्या सतरा सामन्यांत दहा पराभव आणि जेमतेम १५ गुण.

का झालं हे, तर आपला गोल मारणारा लेवांडोव्स्की गेला. करार संपला होता, त्यामुळं म्युनिकच्या बायर्ननं एक पैसा न मोजता त्याला नेला. त्याच्या जागी इमोबिले आणला. आदल्या वर्षी तोरिनोकडून २२ गोल करून इटलीच्या लीगमध्ये पहिला आलेला हा माणूस इथं अख्ख्या लीगमध्ये तीन गोलांवर अडकला. आपला हुकमी खेळाडू रॉइस वर्ल्ड कपच्या तोंडावर घोट्यानं जायबंदी झाला, सप्टेंबरात पुन्हा, नोव्हेंबरात पाडरबॉर्नला पुन्हा. बचावपटू हुमेल्स, गोलकीपर वायडनफेलर ही मंडळी ब्राझीलहून वर्ल्ड कप घेऊन आली, पण उशिरा आणि दमून. आणि क्लॉपचा खेळ तुला माहीत आहे: बॉल गेला की त्याच क्षणी तिघाचौघांनी तुटून पडायचं आणि तो परत मिळवायचा. दमलेल्या पायांनी तो खेळ होत नाही.

त्यात समोरचे संघही शहाणे झाले होते. ते बॉल आपल्यालाच देऊन टाकायचे आणि दहा जण स्वतःच्या गोलसमोर उभे करायचे. बॉल हिसकावण्यात पटाईत असलेल्या पोरांना हातात आलेल्या बॉलचं काय करायचं ते सुचत नव्हतं. चॅम्पियन्स लीगमध्ये समोरचे खेळायला येत होते, तर तिथं आर्सेनलला मागं टाकून हाच संघ गटात पहिला आला. यावर दुसरा उपाय क्लॉपनं वेळेत काढायला हवा होता. तेवढा दोष त्याचा, आणि मी तो त्याच्या पदरात टाकतो.

४ फेब्रुवारीची रात्र मात्र तुला सांगायलाच हवी. बुधवार होता, ऑग्सबुर्गशी मॅच. ऑफिसातल्या एकाचा सीझन पास मिळाला म्हणून मी दक्षिण स्टँडमध्ये उभा होतो. तिथं खुर्च्या नाहीत, जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभ्यानं मॅच बघतात. थंडी अशी की बिअरचा प्लास्टिकचा ग्लास धरवत नव्हता. उत्तरार्ध सुरू होऊन पाचच मिनिटं झाली आणि त्यांच्या बोबादियानं गोल मारला. पुढं त्यांचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला, तरी आपल्याला दहा जणांवर गोल करता आला नाही. शिट्टी वाजली आणि स्टँडमधूनही शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं गळ्यातला मफलर काढला, नीट घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवला आणि तिथंच उभा राहिला. कुणीच हलत नव्हतं. मग वायडनफेलर आणि हुमेल्स आमच्या बाजूला आले आणि जाळीच्या कुंपणावर चढले. वरून लोक ओरडत होते, हातवारे करत होते, आणि ते दोघं वाकून एकेकाचं ऐकत होते, उत्तरं देत होते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हरल्यावर पेठेतली माणसं रात्री तालमीच्या दारात खेळाडूंना जाब विचारतात, अगदी तसंच.

त्या गर्दीत खेळाडूंवर राग होता, पण क्लॉपला हाकला असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. इथल्या जुन्या लोकांना २००५ आठवतं, क्लब दिवाळखोरीच्या काठावर होता ते. २००८ मध्ये हा माणूस आला आणि त्यानं त्यांना पुन्हा मान वर करून चालायला लावलं. एका वाईट हिवाळ्यापायी ते विसरायला ही माणसं तयार नव्हती. क्लबही ठाम राहिला.

आणि त्याचं फळ मिळालं, संदीप. तीनच दिवसांनी फ्रायबुर्गला ३-०. मग माइन्झ, श्टुटगार्ट आणि घरच्या मैदानावर शाल्के, तेही ३-०. लागोपाठ चार विजय! सीझनच्या उत्तरार्धातल्या सतरा सामन्यांत ३१ गुण, म्हणजे आधीच्या दुपटीहून जास्त. कोच तोच, खेळाडूही जवळजवळ तेच. उलट हॅम्बुर्गकडं बघ. एका सीझनमध्ये चार कोच केले त्यांनी. सोळाव्या नंबरवर संपले आणि लीगमध्ये टिकण्यासाठीच्या कार्ल्सरूहेविरुद्धच्या प्लेऑफमध्ये जादा वेळेत कसेबसे तगले. कोच बदलून संघ सुधारतो हे तुझं गणित त्यांना लावून बघ.

एप्रिलमध्ये क्लॉपनं स्वतःच जाहीर केलं की सीझन संपला की मी जाणार. मला फार लागलं ते. पण त्यानंतर दोनच आठवड्यांनी म्युनिकमध्ये बायर्नशी जर्मन कपची सेमीफायनल झाली. पेनल्टी शूटआउटमध्ये लाम घसरला, अलोन्सो घसरला, ग्योट्झेचा फटका आपला गोलकीपर लांगेराकनं अडवला, नॉयरचा बारवर आदळला. बायर्नची एकही पेनल्टी आत गेली नाही! त्या रात्री आमच्या गल्लीत पहाटेपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

बर्लिनची कपची फायनल व्होल्फ्सबुर्गशी ३-१ अशी गेली. आपल्या ओबामेयांगनं पाचव्याच मिनिटाला पुढं नेलं होतं, मग मध्यंतराआधीच तीन गोल खाल्ले. कप घेऊन क्लॉप जायला हवा होता, ही खंत राहील. पण लीगमध्ये सातवा नंबर आला, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या, युरोपा लीगच्या, पात्रता फेरीत तरी खेळायला मिळेल. फेब्रुवारीत हे कुणी सांगितलं असतं तर त्या कुंपणापाशी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं.

आता नवा कोच म्हणून टुखेल येतोय. माइन्झमध्ये त्यानं चांगलं काम केलंय. हातात आलेल्या बॉलचं काय करायचं, हे तो या पोरांना शिकवेल असं मला वाटतं. मधल्या फळीतला ग्युंडोआन क्लबात राहिला पाहिजे, तेवढी एक धाकधूक आहे.

तू यंदा येतो म्हणालायस, ते खरं कर. व्हिसाची कागदपत्रं लवकर गोळा कर, आणि येताना कांदा-लसूण मसाला आण. काकूंना नमस्कार सांग. आणि माझं म्हणणं अजूनही पटत नसेल तर लिहून पाठव, फोनवर नको.

तुझा,
अभिजित