मागच्या जिन्याने

हार्टफर्ड,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सदा,

गणपतीत तू एवढा लांबलचक मेसेज केलास आणि मी नुसता अंगठा दाखवून मोकळा झालो, त्यावरून तू मला मनातल्या मनात काय काय म्हणाला असशील ते इथे बसून ऐकू येतंय. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण पहिल्या दोन मिनिटांत हसायला लागतो आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून आज कागद घेतलाय. तब्येत ठीक, साखर काठावर, गुडघा जसा होता तसाच. आता ऐक.

सईचं लग्न ठरल्याचं तुला माहीत आहे. कुठे करायचं ठरलंय ते माहीत नाही. न्यूपोर्टला. इथून दीड-दोन तासांवर, ऱ्होड आयलंडमध्ये, समुद्रकाठी. रेल्वे, कोळसा, चांदी यांत गडगंज झालेल्या घराण्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे वाडे बांधले. वाडे कसले, राजवाडेच. आणि राहायचे किती, तर उन्हाळ्यातले सहा-आठ आठवडे. उरलेलं वर्षभर फर्निचरवर चादरी! आता त्यातले बरेच एका संस्थेकडे आहेत. तिकीट काढून बघायचे. काही समारंभांना भाड्यानेही मिळतात. सईने त्यातलाच एक धरलाय. कोणता ते लिहीत नाही. तू भाडं शोधून काढशील आणि मरेपर्यंत ऐकवशील. एवढंच सांगतो की एका संध्याकाळच्या नुसत्या जागेला जेवढे पडतात, तेवढ्यात कार्यालयातल्या आपल्या आप्पांनी अख्खा वैशाख उरकला असता, जिलबी-मठ्ठ्यासकट.

महिनाअखेरीस अनामत भरायची आहे. चेक लिहून ठेवलाय, टेबलावर पडलाय, आणि माझ्याच्याने सही होत नाही. नीलाला वाटतं पैशांमुळे. तिला वाटतं, मी अजून कराडचे दिवस मोजतोय. पैसे आहेत, सदा. तुझ्यापाशी नम्रपणा कशाला करू, पैसे आहेत. प्रश्न दुसराच आहे आणि तो मला इथे कुणालाही सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात सगळे मिळून जागा बघायला गेलो. सई, नीला, मी, जावईबापू शॉन, आणि शॉनची आजी. आजी नव्वदीच्या घरात, ढकलखुर्चीत, तोंडाचा पट्टा तुझ्या शकूताईच्या वरताण. आधी ‘मार्बल हाउस’ पाहिलं. विल्यम व्हँडरबिल्टने बायकोला, अल्व्हाला, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलेलं घर. १८९२ साली पुरं झालं. खर्च १ कोटी १० लाख डॉलर, त्यातले ७० लाख नुसत्या संगमरवराचे. आणि १८९५ मध्ये त्यांचा घटस्फोट! घर तिच्या नावावर होतं, ते तिच्याकडेच राहिलं. नीलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तुला इथून दिसेल. आपल्या ब्लॉकवर दोघांची नावं आहेत, हे मी तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

त्याच घरात एक गॉथिक धाटणीचं अंधारं दालन आहे. तिथे इंग्लंडच्या ड्यूक ऑफ मार्लबरोने अल्व्हाच्या मुलीला, कॉन्सुएलोला, मागणी घातली. पोरगी अठरा वर्षांची, तिचं मन दुसरीकडे. आईने अक्षरशः कोंडून ठेवून लग्न लावलं. हुंडा किती, तर रेल्वेचे २५ लाख डॉलरचे शेअर, वर त्यांच्या लाभांशाची हमी. आपल्याकडच्या याद्या आठवल्या, स्कूटर, अंगठी, पाच भांडी. पुढे १९२६ मध्ये ते लग्न चर्चकडून रद्दबातल ठरवून घेताना अल्व्हानेच साक्ष दिली की मी पोरीवर जबरदस्ती केली होती. आणि गंमत बघ, हीच बाई १९०९ आणि १९१४ मध्ये त्याच घरात बायकांच्या मताधिकाराचे मेळावे भरवत होती. मला ती आवडली. म्हणजे सासू म्हणून नको, पण आवडली. सई मात्र ‘बाबा, तिथे लग्न असं झालंच नाही, ते न्यूयॉर्कला चर्चमध्ये झालं’ म्हणून मला गप्प करत होती. तिचंही खरं आहे.

मग ‘ब्रेकर्स’. अल्व्हाच्या थोरल्या दिराचं, कॉर्नेलियसचं. सत्तर खोल्या. आधी तिथे लाकडी घर होतं, ते १८९२ मध्ये जळलं. त्याने असा धसका घेतला की नवं घर दगड, विटा आणि पोलादाचं बांधून घेतलं आणि बॉयलरसुद्धा घरापासून लांब जमिनीखाली पुरले. १८९५ मध्ये राहायला आला. १८९६ मध्ये पक्षाघात, १८९९ मध्ये खलास. म्हणजे धडधाकट असा एकच उन्हाळा त्या घरात. न्हाणीघरात संगमरवराचा अखंड कोरलेला टब आहे, त्याला चार नळ, गोडं पाणी गरम-गार आणि समुद्राचं पाणी गरम-गार. दगड इतका जाड की त्याची थंडी मोडायला आधी दोन-चार वेळा गरम पाणी भरून ओतून द्यावं लागे, मग साहेब उतरणार. ते पाणी भरणाऱ्याबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. मी विचारलं. शॉन हसला.

आणि मग बटलरची पँट्री. दुमजली, भिंतभर कपाटं, आणि कोपऱ्यात चांदीच्या भांड्यांची तिजोरी. उन्हाळ्यात चांदी न्यूयॉर्कहून बरोबर यायची, मोजून. सदा, तिथे माझे पाय थांबले. मला चांदीची वाटी आठवली.

तू म्हणशील, अजून? हो, अजून. ते वरबाप, तो मागचा लोखंडी जिना, ‘खिसे उलटे कर’ आणि तुझ्या खिशातून निघालेले दोन बुंदीचे लाडू. वाटी नंतर त्यांच्याच मामींच्या पिशवीत सापडली, हे आप्पांनी आपल्याला रात्री भांडी घासताना सांगितलं, आणि वर म्हणाले, ‘झालं ते झालं, उद्या दोन लग्नं आहेत.’ तू त्यावर आयुष्यात कधी बोलला नाहीस. मी दर दोन वर्षांनी काढतो आणि तू विषय बासुंदीवर नेतोस. बासुंदीची बादली तूच सांडलीस, हे मी अजूनही म्हणतो. तुझा पाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीला अडला आणि माझ्या हातात फक्त कडी उरली होती.

दुपारी बाकीचे चहाला गेले आणि मी ‘एल्म्स’ची नोकरमाणसांच्या भागाची फेरी घेतली. हे घर बर्विंड नावाच्या कोळसासम्राटाचं, १९०१ सालचं. पुढून फ्रेंच हवेली, जाळी-महिरपी, कारंजी. नोकरांचं दार बाजूला, त्यावर वेलींचा मांडव, कारण येणारं-जाणारं माणूस पाहुण्यांच्या नजरेला पडायला नको. कोळशावर गबर झालेला माणूस, पण त्याच्या घरात कोळसा कसा यायचा? रस्त्यापासून जमिनीखालून बोगदा काढलाय, त्यात रूळ, रुळांवर ढकलगाडी. तळघरात बॉयलर, ते पेटवणारी माणसं तिथेच. वर बागेत कोळशाचा एक खडा दिसणार नाही.

मग मागचा जिना. ऐंशीच्या वर पायऱ्या, चढ असा की गुडघ्याने माझा उद्धार केला. वरच्या मजल्यावर नोकरांच्या खोल्या, आणि बाहेरून तो मजला आहे हेच कळत नाही. गच्चीचा कठडा इतका उंच उभारलाय की खालून बघणाऱ्याला दुमजली घर वाटावं. खोल्या वाईट नव्हत्या, खोटं कशाला बोलू. पलंग, कपाट, उजेड. आपण कोठीघरात पोत्यांवर झोपायचो त्यापेक्षा शंभर पटींनी बऱ्या. पण माझा हात जिना चढताना आपोआप भिंतीला गेला रे, डाव्या बाजूला. भरली बादली उजव्या हातात असली की डाव्या हाताने भिंत धरायची, आप्पांनी शिकवलेलं. मी रिकाम्या हाताने तसाच चढत होतो.

तिथे हेही कळलं की घर उघडल्यावर पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, नोकरांनी सुट्टी मागितली. नियमित सुट्टी, बाकी काही नाही. बर्विंडने सगळ्यांना काढून टाकलं आणि नवी माणसं आणली. तू आप्पांकडे अक्षय्यतृतीयेची सुट्टी मागितली होतीस, आठवतं? आप्पा निदान हसले तरी होते.

बर्विंडच्या मागे त्याची बहीण त्या घरात राहिली, १९६१ मध्ये गेली. तोवर चाळीसेक नोकर होतेच! वारसाला घर नको होतं. सामानाचा लिलाव झाला, घर पाडायला काढलं, तेव्हा १९६२ मध्ये संस्थेने १ लाख १६ हजार डॉलरना घेतलं. आपल्या गावाकडच्या वाड्यांवर तू व्याख्यान देशील, माहीत आहे. नको देऊस, माझा मुद्दा तो नाही.

मुद्दा हा. संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, मी मागचा जिना पाहून आलो. तर शॉनची आजी एकदम उजळली. तिची मावशी सतराव्या वर्षी आयर्लंडमधून आली आणि न्यूपोर्टच्या अशाच एका घरात धुणं-इस्त्रीला होती. कोणतं घर ते आजीला आठवत नाही. पुढे मावशी फॉल रिव्हरच्या कापडगिरणीत गेली. आजीने सगळ्या टेबलाला ऐकवलं, त्या स्टार्चने मावशीची बोटं कशी फाटायची, आणि मग म्हणाली, ‘मला लग्नाच्या दिवशी पुढच्या दाराने आत न्यायचं, आणि दारातच फोटो काढायचा.’ सईचे डोळे भरून आले. शॉनने आजीच्या हाताचा मुका घेतला. नीलाने माझ्याकडे पाहिलं. तिला एवढंच माहीत आहे की मी मे महिन्याच्या सुट्टीत ‘काहीतरी काम’ करायचो. आणि मी, सदा, पाव मोडत बसलो. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ती बाई अभिमानाने सांगते आणि मला सांगता येत नाही, हे काय आहे? तिच्या मावशीची गोष्ट आहे म्हणून सोपं जात असेल. स्वतःची बोटं असती तर? का इथे नोकराचा नातू मालक झाला की टाळ्या पडतात, आणि आपल्याकडे वाढप्याला पंगतीत बसवलं तर शेजारचा पान सरकवून घेतो, ते अजून माझ्या अंगात आहे? सई म्हणते, ‘बाबा, यू डिझर्व्ह इट.’ काय डिझर्व्ह? त्या दिवाणखान्यात मी फेटा बांधून उभा राहणार आणि माझं सगळं लक्ष असणार ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोरांकडे. त्यांना जेवायला कधी मिळणार, कुठे बसून, हे मी विचारत सुटणार. जागा दाखवणाऱ्या बाईंना विचारलंही. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘व्हेंडर मील्स’. बघ, त्यालाही रकाना आहे.

यातला सगळ्यात विनोदी भाग म्हणजे होम. आत ज्योत पेटवायची नाही. सप्तपदी बाहेर हिरवळीवर, समुद्राकडे तोंड करून, वारा असेल तर देवाचं नाव घ्यायचं. गुरुजी बॉस्टनचे, ते म्हणाले, ‘काळजी नको, माझ्याकडे काचेचं हवनकुंड आहे.’ आणि आदल्या दिवशी संगीत, मेंदी. कऱ्हाडच्या आपल्या लग्नांत कुणी नाचलं होतं? वरातीत बँडवाल्यासमोर तू नाचलास तो सोडून.

शकूताईच्या लग्नात मी पाठवलेले पैसे तू परत पाठवलेस, ‘आमचं आम्ही बघू’ एवढी चिठ्ठी लावून. तेव्हा मी तुझ्यावर महिनोन् महिने चिडलो होतो आणि अजूनही त्यात तुझंच चुकलं असं म्हणतो. पण परवा चेक समोर घेऊन बसलो तेव्हा तुझी ती चिठ्ठी डोळ्यांपुढे आली. तुला तेव्हा नेमकं काय झालं होतं? खरं सांग. पैसे माझे होते म्हणून, का त्या कार्यालयाचं भाडं त्यातून जाणार होतं म्हणून? तू शकूचं लग्न घराच्या अंगणात मांडव घालून केलंस, कार्यालय सोडून. मी त्याचा अर्थ कधी लावला नव्हता. आता लावतोय आणि लागत नाही. मला तुझं उत्तर हवंय, मग मी सही करेन किंवा फाडेन. आणि सईला वाटीचं सांगू का, तेही लिही. ती गोष्ट तुझी आहे, तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. माझ्या वाट्याची, बादलीची, मी सांगेन बहुतेक. तिला ‘ओगराळं’ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल.

बरं, तुझं काय? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का, चष्मा लागला का? निखिलची पुण्यातली नोकरी टिकली ऐकून बरं वाटलं. पेन्शनचा फरक मिळाला की अजून हेलपाटे? मुख्याध्यापक झालास तरी अर्जात काना-मात्रा चुकवतोस, म्हणून अडकलं असेल. दाते मास्तर गेल्याचं तुझ्याकडूनच कळायला हवं होतं, फेसबुकवरून कळलं. त्याबद्दल भेटीत भांडू.

व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र सई तयार करतेय, तुझ्या आणि वहिनींच्या नावाचं पासपोर्टवरचं स्पेलिंग तातडीने कळव. तिकिटं मी काढतोय. पाहिजे तेवढी चिठ्ठी लाव, तिकिटं परत केली तर विमानवाले निम्मे पैसे कापतात.

तुझा,
अरुण