खानावळीच्या ताटात काय आहे, ते आम्हाला कळू द्या
अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चमचाभर कूट पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो. अशा वेळी काही मिनिटांत मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. हे आधीच सांगते, कारण हॉटेलात आम्हाला हमखास ऐकावं लागतं, "थोडंसं खाल्लं तर काही होत नाही हो ताई."

आपल्याकडे दाणे कुठे कुठे असतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पोह्यातले निदान दिसतात. कोशिंबिरीतलं कूट, भरल्या वांग्यातला मसाला, रश्श्याचं वाटण, वड्याबरोबरची लसणाची चटणी यांतले दिसत नाहीत. उपवासाचा तर जवळपास सगळा फराळच दाण्यावर उभा. त्यात आता लाकडी घाण्याच्या तेलाची पाटी कौतुकाने लागते. रिफाइंड तेलात दाण्यातलं प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. कढईपुढे उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

महामार्गावरच्या एका हॉटेलात आम्ही बिनदाण्याचे पोहे मागितले. बशी आली, वर एकही दाणा नाही. पण पोह्यांना दाण्यांची लालसर सालं चिकटलेली होती. वाढणाऱ्या मुलाने तयार पोह्यांतून दाणे वेचून काढले होते. त्याने ते मनापासून, आम्हाला हवं तसं मिळावं म्हणूनच केलं होतं, आणि मला भीती वाटते ती याचीच.

सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार, असलेल्यांची वाट याहून बिकट. गहू टाळायचा म्हणून वरण-भात मागवावा, तर फोडणीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ मिसळलेलं. डबीवर ते छापलेलं असतं, पण डबी आत भटारखान्यात आणि गिऱ्हाईक बाहेर.

कायदा नाही असं नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2020 च्या नियमांनुसार ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. मात्र हे बंधन केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 अथवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांवर आहे. म्हणजे मोठ्या साखळीतला पिझ्झा खाताना मला माहिती मिळणार आणि कोपऱ्यावरच्या खानावळीत उसळ खाताना नाही. शिवाय त्या यादीत शेंगदाणे, दूध, गहू आहेत, पण तीळ आणि मोहरी नाहीत. तिळगुळाच्या राज्यात हे फार खटकतं. युरोपीय संघाच्या 14 घटकांच्या यादीत हे दोन्ही आहेत, आणि तिथे डिसेंबर 2014 पासून लहान उपाहारगृहांनाही ही माहिती द्यावी लागते.

नियम दिल्लीत ठरतात, याची मला कल्पना आहे. ही 10 शाखांची अट काढावी आणि तीळ-मोहरी यादीत घ्यावी, असं राज्यातर्फे केंद्राला लिहावं, ही विनंती. पण तपासणीला जातात ते आपलेच अन्न सुरक्षा अधिकारी. दाण्याचं कूट आणि वाटण कोणत्या पदार्थांत आहे, तेल कशाचं, हिंग कोणता, एवढं त्यांनी मालकाला विचारायला सुरुवात केली तरी पुष्कळ फरक पडेल. उत्तरं एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावायला खर्च येत नाही. गाडीवाल्यांवर मात्र दंडाची टांगती तलवार नको, त्यांना आधी शिकवा.

हॉटेलातल्या माणसांसाठी अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण आजही होतं. त्यात अर्धा तास ॲलर्जीसाठी ठेवावा, तोही मराठीत आणि हिंदीत: दाणे वेचून का चालत नाही, तोच झारा का वापरायचा नाही, गिऱ्हाइकाचा श्वास अडकला तर 108 ला फोन करून काय सांगायचं. हा मजकूर तयार करायला आमच्यासारखे पालक आनंदाने येतील. आपल्या कार्यालयाने फक्त बोलवावं.

आपली,
एक आई