फ्रेंचमधलं अहो-जाहो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत रोजच्या वापरातल्या फ्रेंच शब्दांची एक चौकट आली होती. वेरूळला कैलास लेण्याच्या वाटेवर पोस्टकार्डं आणि मण्यांच्या माळा विकणाऱ्या एका पोरानं ती कापून आपल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवारी सकाळी त्यानं ती पहिल्यांदा चालवली. सत्तरीचे एक फ्रेंच गृहस्थ बायकोचा हात धरून पायऱ्या उतरत होते. त्यांच्यापुढं माळ धरून हा म्हणाला, "त्यू आशेत?" म्हणजे, "तू घेतोस का?" म्हाताऱ्यानं माळेकडं पाहिलं नाही, पोराकडंही नाही. पोरगं माझ्याकडं येऊन म्हणालं, "काका, मी तर पेपरातलंच म्हणलो."

मी वेरूळ-अजिंठ्याला जवळजवळ तीस वर्षं गाइड होतो. त्यातली निम्मीअधिक फ्रेंच मंडळींबरोबर गेली. त्यामुळं चौकट बारकाईनं वाचली. तिच्यात एकही शब्द खोटा नाही, चुकलाय तो शब्दांचा रस्ता. सगळं इंग्रजीतून फिरून आलंय. गुड मॉर्निंगपुढं 'बोंझूर', गुड आफ्टरनूनपुढं 'बॉन आप्रे-मिदी', गुड नाइटपुढं 'बॉन न्वी' आणि 'यू'पुढं नुसतं 'त्यू'. मराठी माणसाला फ्रेंच शिकवायला मध्ये हा इंग्रज कशाला?

'बोंझूर' सकाळपुरतं नसतं. उजाडल्यापासून दिवस कलेपर्यंत तेच चालतं, संध्याकाळ झाली की 'बोंस्वार'. 'बॉन आप्रे-मिदी' भेटताना म्हणत नाहीत, दुपारी निरोप घेताना म्हणतात. पण वेळेपेक्षा महत्त्वाची गोष्ट चौकटीत कुठंच नाही. फ्रान्समध्ये बोंझूर म्हणजे दाराची कडी वाजवणं. बेकरीत शिरा, औषधाच्या दुकानात शिरा, बसमध्ये चढून ड्रायव्हरपुढं उभे राहा, आधी बोंझूर आणि मग काम. बोंझूर न म्हणता भाव विचारला तर कडी न वाजवता माजघरात शिरल्यासारखं होतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८४ साली मी स्वतः याच वाटेवर पोस्टकार्डं विकत होतो. एक उंच बाई एकट्याच आल्या, डोक्याला निळा रुमाल. मी धावत जाऊन विचारलं, "मॅडम, विच कंट्री?" त्या थांबल्या, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बोंझूर, मस्यो." मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेवढंच म्हणाल्या आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून कसंबसं "बोंझूर, मादाम" निघालं. त्याबरोबर चेहरा मोकळा झाला, पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि शेजारच्या कट्ट्यावर बसून त्यांनी माझी सगळी पोस्टकार्डं एकेक करून पाहिली. घेतली दोनच. पण जाताना "ओ रव्वार, मस्यो" म्हणाल्या. पंचवीस वर्षांच्या फेरीवाल्या पोराला 'मस्यो', म्हणजे 'महाशय', म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की ही भाषा शिकायची. पुढं पुण्यात मामांकडं राहून शिकलो.

शिकूनही फजिती चुकली नाही. एका ग्रुपला संध्याकाळी साडेसहाला औरंगाबादच्या हॉटेलवर सोडताना (तेव्हा नाव औरंगाबादच होतं) मी ऐटीत "बॉन न्वी" म्हणालो आणि अख्खी बस हसली. बॉन न्वी अंथरुणाकडं निघालेल्या माणसाला म्हणतात. अजून जेवायचं आहे, गप्पा मारायच्या आहेत, त्याला 'बॉन स्वारे' म्हणजे संध्याकाळ छान जावो. दिवसाउजेडी निरोप घेतला तर 'बॉन झुर्ने'. आपल्या चौकटीत ही दोन्ही नाहीत, बॉन न्वी मात्र ठळक अक्षरांत आहे.

आता त्या 'त्यू'कडं येतो, कारण पोराची माळ तिथंच अडली. इंग्रजीत सगळ्यांना 'यू', म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला त्यू आणि व्हू यांतला फरक पानभर समजावून सांगावा लागतो. मराठी पोराला एका ओळीत सांगता येतो. त्यू म्हणजे तू, व्हू म्हणजे तुम्ही. एकाच माणसाशी बोलतानाही व्हू येतं, आपल्या तुम्हीसारखंच. आणखी गंमत म्हणजे त्यांच्याकडं यासाठी खास क्रियापदं आहेत, त्युत्वाये आणि व्हुव्वाये. या दोघांना इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही. मराठीत आहेत, तयार! अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं. ओळख मुरली की फ्रेंच माणूस विचारतो, आपण एकमेकांना अरे-तुरे करू या का? हा प्रश्न बहुधा वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्यानं विचारायचा असतो. लहानानं आपणहून सुरुवात केली तर काय होतं, ते जून २०१८ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. पॅरिसजवळच्या एका सरकारी कार्यक्रमात एक शाळकरी मुलगा राष्ट्राध्यक्ष माक्राँना "सा वा, मान्यू?" म्हणाला. मान्यू म्हणजे इमॅन्युएलचं लाडाचं नाव. राष्ट्राध्यक्ष तिथंच थांबले आणि मला 'मस्यो' नाहीतर 'मस्यो ल प्रेझिदाँ' म्हणायचं, असं त्याला कॅमेऱ्यासमोर सुनावलं. तहसीलदाराला "काय रे बाळ्या, बरंय ना?" म्हणून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

'सा वा'चंही तेच. चौकटीत 'हाऊ आर यू' दिलंय. शब्दशः पाहिलं तर सा वा म्हणजे 'चाललंय'. आपण पारावर विचारतो, "कसं चाललंय?" उत्तर येतं, "चाललंय." तिकडंही प्रश्न "सा वा?" आणि उत्तर "सा वा", फरक फक्त सुरात. मात्र हे ओळखीच्या माणसांत. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला "कोमाँ ताले व्हू?" म्हणजे "तुम्ही कसे आहात?" 'साल्यू' दोस्तांत, तेही येताना आणि जाताना दोन्हीकडं, आपल्या रामरामासारखं. 'कुकू' त्याहून सलगीचं, घरातलं. साहेबाला कुकू करू नये.

निरोपाचा शब्द मला सगळ्यात जवळचा. आमच्या घरी उंबऱ्यातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं की आजी तिथूनच ओरडायची, "येतो म्हण!" 'ओ रव्वार'मध्ये पुन्हा भेटायचंच आहे. उद्या भेटणार असू तर 'आ दमँ', लवकरच भेटू तर 'आ ब्यँतो'. 'आद्यो' हा शब्दही आहे, पण तो आजीच्या 'जातो'सारखा, सहसा कायमच्या निरोपाचा. गुडबायसमोर चौकटीत ओ रव्वार आणि आद्यो मध्ये तिरकी रेघ देऊन छापलेत. ती रेघ काढा.

उच्चाराबद्दल आम्हा मराठवाड्याच्या माणसांना एक फायदा आहे. वडील निजामाच्या अमलात शिकले, शाळा उर्दूची. मी घरी फ्रेंच 'र' घोकत बसलो होतो, तो जिभेच्या टोकावरच अडखळायचा. वडील दुसऱ्या खोलीतून म्हणाले, "गळ्यातून काढ. ग़रीबमधला ग़ म्हण." म्हणून पाहिलं आणि अर्धं काम झालं. हेच वडील कचेरीत 'आदाब' म्हणायचे, चावडीवर 'रामराम', माळकऱ्यांना 'जय हरी'. कुणाला काय म्हणायचं याचा तक्ता त्यांना कुठं चिकटवावा लागला नाही.

आणि 'मस्यो' तर आपल्याला अडीचशे वर्षांपूर्वीच माहीत होता. निजाम सलाबतजंगाला घेऊन १७५१ मध्ये औरंगाबादेत आलेला फ्रेंच सेनानी बुसी मराठी कागदांत 'मुसाबुसी' झाला. तो मुसा म्हणजेच हा मस्यो! निजामाच्या पदरचा दुसरा फ्रेंच सेनानी रेमाँही हैदराबादी तोंडात 'मूसा राम' झाला, तिथली मूसारामबाग त्याच्याच नावाची.

गालाला गाल लावण्याबद्दल पर्यटनात येणारी नवी मुलं मला हमखास विचारतात. ती सलगीची रीत आहे, किती वेळा हे गावागणिक बदलतं आणि पाहुण्यांसमोर आपण त्यात पडायचं कारण नाही. हात जोडा. कोरोनाच्या तोंडावर, मार्च २०२०मध्ये, याच माक्राँनी स्पेनच्या राजाराणीचं स्वागत हात जोडून केलं होतं.

त्या पोराच्या पेटीतली चौकट मी काढली नाही. तिच्याखाली एक कोरं पोस्टकार्ड डकवून त्यावर बॉलपेननं चार ओळी लिहून दिल्या. आधी बोंझूर मादाम किंवा बोंझूर मस्यो. मग गप्प उभं राहायचं. ते बोलले तर व्हू. ते निघाले तर बॉन झुर्ने, माळ घेतली नाही तरी. दुसरी ओळ त्याला सगळ्यात जड जाते. परवा पाहिलं तर एका बाईंना बोंझूर म्हणून ओठ घट्ट मिटून उभा होता आणि हातातली माळ आपोआप पुढं सरकत होती. त्या बाई हसल्या आणि थांबल्या. विक्री झाली की नाही ते मी पाहिलं नाही, माझी बस आली होती.

चौकटीची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जमलं तर इंग्रजीचा रकाना काढून तिथं मराठीचा घालावा. फ्रेंच रीतीनं औपचारिक पत्र संपवायचं तर 'महाशय, माझ्या विशेष आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार करावा' अशा अर्थाचं लांबलचक वाक्य लिहावं लागतं. आपलं तीन शब्दांत भागतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त गाइड
वेरूळ, जि. छत्रपती संभाजीनगर