पाण्यातलं हायड्राझिन रोज मोजतो, आमच्या हवेतलं कोण मोजणार? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे रोज ढीगभर पत्रं येत असतील याची कल्पना आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची केमिस्ट आहे, कॉन्ट्रॅक्टवर, अकरा वर्षं झाली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर माझ्याबरोबर आणखी चार जणांची नोकरी जाईल. मागच्या वर्षी एका ठिकाणी हायड्राझिन, म्हणजे बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढायला टाकतात ते विषारी केमिकल, सांडून दोन कामगार भाजले तेव्हा आपण कॅमेऱ्यासमोर शब्द दिला होता की सहा महिन्यांच्या आत जिथे जिथे हे केमिकल वापरलं जातं तिथे हवा तपासणारे डिटेक्टर लागतील, इमर्जन्सी शॉवर चालू असतील आणि जवळच्या हॉस्पिटलला या केमिकलची माहिती दिलेली असेल. तो व्हिडिओ मी फोनमध्ये ठेवलाय अजून. त्याला चौदा महिने झाले. आणि एकोणीस दिवसांपूर्वी आमच्याकडे सांडलं.

सकाळी साडेअकराची वेळ. ड्रममधून डोसिंग टाकीत, म्हणजे जिथून ते बॉयलरच्या पाण्यात थोडं थोडं सोडतात तिथे, हायड्राझिन हायड्रेट ओढायचं काम चालू होतं, ८० टक्क्यांचं. हातपंपाची नळी क्लॅम्पपाशी सैल होती, आठ दिवस आधी मी ते रजिस्टरमध्ये लिहिलंय, पान माझ्याकडे आहे. नळी सुटली आणि हेल्पर पोराच्या मांडीवर, पोटावर आलं, माझ्या उजव्या मनगटावर आणि थोडं चेहऱ्यावर उडालं. ते दिसतं अगदी पाण्यासारखं, रंग नाही काही नाही, पोरगा दोन सेकंद नुसता बघत राहिला की पाणीच सांडलं की काय. मी त्याला ओढत शॉवरखाली नेलं, साखळी ओढली, आणि वरून गंजाचे चार थेंब पडले. ताई, पाणी येत नाहीये, असं तो म्हणाला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग पलीकडच्या नळावरून बादल्या आणून मी त्याच्यावर ओतत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या एकाने जमिनीवरचं कॉटन वेस्टने पुसलं आणि तो बोळा गंजलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझं लक्ष गेलं म्हणून बरं. हायड्राझिनमध्ये भिजलेलं फडकं हवेत आपोआप पेटू शकतं, गंजाला लागलं तर आणखीच. तो बोळा काढून पाण्यात बुडवला तेव्हा हाताला गरम लागत होता. हे त्या पोराला कोणी कधी सांगितलेलंच नव्हतं. त्याचं ट्रेनिंग झालंय असं कागदावर आहे, खाली त्याची सही आहे, आणि ती सही त्याची नाही.

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला, ॲसिड का? मी म्हटलं ॲसिड नाही, हायड्राझिन. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, स्पेलिंग सांगा. मी फोनमधली सेफ्टी डेटा शीट दाखवली. नुसता भाजल्याचा पेशंट समजू नका, हे कातडीतून आत शिरतं, मेंदूवर जातं, लिव्हर-किडनीवर जातं, हे एक केमिस्ट बाई बर्नोलच्या वासाच्या त्या खोलीत उभी राहून डॉक्टरांना सांगत होती आणि स्वतःचे डोळे उघडत नव्हते. रात्री तो पोरगा बरळायला लागला, मग आचके यायला लागले. हायड्राझिनच्या विषबाधेत आचके आले तर बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन मोठ्या डोसमध्ये देतात, टीबीच्या आयसोनियाझिड गोळ्या जास्त झाल्या तर जे देतात तेच, कारण ती गोळीसुद्धा हायड्राझिनपासूनच बनते. पायरिडॉक्सिन काही दुर्मिळ औषध नाही हो. पण तिथे इंजेक्शन नव्हतं आणि ते लागतं हे कोणाला माहीत नव्हतं. पहाटे तीनला दुसरीकडून आलं. पोरगा वाचला. त्या साडेतीन तासांचा हिशोब मी कोणाकडे मागू?

आता तुमचे अधिकारी सांगतील की बाईंना केमिकलच बंद करायचंय, विकासाला विरोध आहे. तर नीट ऐका. मला या केमिकलची किंमत माहितीये, मी अकरा वर्षं त्याच्याबरोबर काम केलंय. बॉयलरच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असला की लोखंडाला खड्डे पडतात, ट्यूब फुटते, आणि हायड्राझिन त्या ऑक्सिजनला पकडून त्याचं नुसतं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतं, मागे मीठ नाही, गाळ नाही. सल्फाईट टाकलं तर क्षार वाढतात, याने वाढत नाहीत. पाण्यात एक ग्रॅम ऑक्सिजन असेल तर एक ग्रॅमच हायड्राझिन लागतं, वजनाला वजन, इतकं सरळ. याच्यापासून टीबीचं औषध होतं, शेतीची औषधं होतात, प्लास्टिकला फुगवून फोम करायची पावडर होते. आणि रॉकेट तर आहेच. उपग्रहाच्या छोट्या थ्रस्टरमध्ये इरिडियमच्या कॅटलिस्टवरून हायड्राझिन सोडलं की ठिणगीशिवाय ते फुटून गरम गॅस होतो, जागच्या जागी उपग्रह वळतो, म्हणून इतकी वर्षं बहुतेकांनी तेच वापरलं. २०१२ मध्ये नासाची क्युरिऑसिटी गाडी मंगळावर उतरली ती याच्याच जोरावर. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन याच्याच भावंडावर, यूडीएमएचवर चालतं. हे सगळं मला मान्य आहे आणि अभिमानही आहे.

पण रॉकेटवाले याला कसं हाताळतात ते बघा. टाकी भरताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत बंद सूटमध्ये असतो, श्वासाची हवा वेगळी, आजूबाजूचा परिसर रिकामा केलेला. एफ-१६ विमानात इमर्जन्सी पॉवरसाठी ७० टक्के हायड्राझिन असतं, ते युनिट हवेत चालू झालं असेल तर विमान उतरल्यावर ट्रेनिंग घेतलेली टीम आधी जाते. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने स्वतःचाच एक बिघडलेला उपग्रह, यूएसए-१९३, युद्धनौकेवरून मिसाईल सोडून पाडला आणि कारण दिलं की त्याच्या टाकीत सुमारे ४५० किलो हायड्राझिन गोठून राहिलंय, ते कुठे माणसांत पडलं तर धोका. काही म्हणतात खरं कारण वेगळं होतं, असेलही. पण साडेचारशे किलो म्हणजे नुसत्या वजनाने आमचे सव्वादोन ड्रम. आमच्या शेडमध्ये कधीही जा, त्याच्या दुप्पट तरी असतं, पत्र्याच्या दाराला एक कुलूप आणि किल्ली सिक्युरिटीच्या खिळ्याला लटकवलेली.

माझी खरी तक्रार आता सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. दर शिफ्टला मी फीड वॉटरचं, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचं सॅम्पल घेते, त्यात रिएजंट टाकते, पिवळा रंग येतो, तो मशीनमध्ये लावून हायड्राझिन किती ते वाचते. किती बारीक मोजते माहितीये? पीपीबीमध्ये. अब्जात किती भाग. वीस ते चाळीसच्या बाहेर गेलं की शिफ्ट इन्चार्जचा फोन येतो, मॅडम बॉयलर ट्यूबचं काय होईल. अकरा वर्षांत हजारो सॅम्पल केली असतील मी. आणि या अकरा वर्षांत माझ्या नाकासमोरच्या हवेत किती हायड्राझिन आहे ते एकदाही, एकदाही कोणी मोजलेलं नाही. लोखंडाच्या ट्यूबची काळजी अब्जातल्या भागापर्यंत, आणि माणसाची काळजी वास आला का एवढ्यावर.

आणि वासाचं तर विचारूच नका. डोसिंग रूमच्या दारावर बोर्ड आहे, अमोनियासारखा वास आल्यास बाहेर पडावे. साहेब, हायड्राझिनचा वास माणसाला येतो साधारण ३ ते ४ पीपीएम, म्हणजे दहा लाखात ३ ते ४ भाग झाल्यावर. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने सांगितलेली मर्यादा ०.०३ पीपीएम आहे. म्हणजे वास येतो तेव्हा तुम्ही ओढताय त्या हवेत मर्यादेच्या शंभर पट हायड्राझिन असतं. दुसरी एक संस्था, एसीजीआयएच, ती तर ०.०१ म्हणते. बोर्डवर लिहिलंय ते वाचून आम्ही सगळे समजत होतो की वास नाही म्हणजे सगळं ठीक. मी केमिस्ट असून पहिली पाच वर्षं हेच समजत होते, ही लाज मला आहे, पण तो बोर्ड पास करणाऱ्या इन्स्पेक्टरला आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, २०१८ मध्ये याला २ए गटात टाकलं, म्हणजे माणसाला बहुधा कॅन्सर करणारं. त्याआधी ते एक पायरी खाली होतं. युरोपने २०११ मध्येच अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घेतलं. आमच्याकडे त्यानंतर काय बदललं सांगते, ड्रमवरचं स्टिकर बदललं.

अपघातानंतर माझ्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढतं ते, वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले हे आत्ताच्या अपघाताने की आधीपासूनचं ते सांगता येत नाही, आधीचे रिपोर्ट आणा. आधीचे रिपोर्ट कुठले? दरवर्षी मेडिकल कॅम्प होतो, त्यात वजन, उंची, बीपी आणि चार्टवरची अक्षरं वाचून दाखवायची. लिव्हरची टेस्ट पर्मनंट लोकांची होते, कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नाही, आणि ड्रम उघडायला जातात ते सगळे कॉन्ट्रॅक्टवाले. मग पुरावा नाही म्हणून क्लेम नाही. टेस्ट करायची नाही, हवा मोजायची नाही, आणि मग आम्हालाच विचारायचं की पुरावा काय. ही व्यवस्था कोणी रचली? चुकून झालंय असं मला तरी वाटत नाही आता. रात्री मनगट चुरचुरतं, पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरतो, मुलगी विचारते आई तू माझं डोकं का नाही विंचरत, तिला काय सांगू, बॉयलरचं पाणी एकदम छान आहे म्हणून?

मी तक्रार केली नाही असं नाही. आधी पोर्टलवर टाकली, चार दिवसांत मेसेज आला, तक्रार निकाली. काय निकाल लागला ते लिहिलेलं नाही. मग तुमच्या खात्यात फोन केला, ते म्हणाले बॉयलरचा विषय दुसऱ्या खात्याचा. त्या खात्याने सांगितलं आम्ही फक्त प्रेशर आणि ट्यूब बघतो, केमिकल प्रदूषणवाल्यांचं. प्रदूषणवाले म्हणाले कंपाउंडच्या बाहेर गेलं तर आमचं, आतलं कामगार खात्याचं. म्हणजे परत तुमचं. तीन खाती आहेत, तीन गाड्या आहेत, तीन रजिस्टरं आहेत आणि त्या पोराच्या मांडीवरचं कातडं कोणाच्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. ऑडिट होतं तेव्हा आठ दिवस आधी तारीख कळते. त्या दिवशी शॉवरला पाणी असतं, टँकर लावून ठेवतात. नवीन ग्लोव्हज निघतात, फोटो झाले की परत कपाटात. हे सगळ्यांना माहितीये, वरपासून खालपर्यंत, आणि सगळे सह्या करतात. निवडणूक आली की आम्ही कामगार बंधू-भगिनी, आणि सांडलं की आम्ही कॉन्ट्रॅक्टरची माणसं.

आणि सगळ्यात जास्त राग याचा येतो की बऱ्याच ठिकाणी याची गरजच उरलेली नाही. जिथे फीड वॉटरच्या लाईनमध्ये तांब्याचे ट्यूब नाहीत, सगळं लोखंडच आहे आणि पाणी शुद्ध आहे, तिथे मोठ्या वीजकेंद्रांनी हायड्राझिन देणं बंद केलंय, कारण ऑक्सिजन पार शून्यावर आणला की उलट लोखंडावरचा संरक्षक थर विरघळतो आणि पाईप आतून पातळ होतो. थोडा ऑक्सिजन ठेवलेला बरा, हे आता पुस्तकातलं ज्ञान आहे. आमच्याकडे तांबं काढून सहा वर्षं झाली. तरी ड्रम येतातच, माझ्या अंदाजाने वर्षाला चाळीसेक, कारण जुन्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय आणि मॅन्युअल बदलायची सही कोणी करत नाही. जिथे लागतंच तिथे डीईएचए नावाचं दुसरं केमिकल आहे. कार्बोहायड्राझाईडही आहे, पण ते तापलं की त्याचंच हायड्राझिन होतं, त्यामुळे तेवढं नाव बदलून सुटका झाली असं कोणी तुम्हाला सांगायला आलं तर विश्वास ठेवू नका. रॉकेटवालेसुद्धा पर्याय शोधतायत, स्वीडनने २०१० मध्ये प्रिझ्मा उपग्रहावर वेगळं इंधन चालवून दाखवलं, नासाने २०१९ मध्ये तसाच प्रयोग अंतराळात पाठवला. मंगळावर जाणाऱ्यांना बदलावंसं वाटतं आणि एका डोसिंग टाकीचं मॅन्युअल बदलायला तुमच्याकडे वेळ नाही?

मागण्या फार नाहीत. डोसिंग रूममध्ये हवा मोजा आणि आकडा दारावर लावा, आम्हाला वाचता येतो. ड्रममधून बंद लाईनने ओढायची सोय करा, हातपंप नको. शॉवर न सांगता येऊन तपासा. ड्रमला हात लावणाऱ्या प्रत्येकाची रक्ततपासणी करा, मग तो कोणाच्याही पगारावर असो, आणि जवळच्या हॉस्पिटलात पायरिडॉक्सिन ठेवायला लावा. आणि जिथे गरज नाही तिथे ते बंद करायचा हुकूम काढा. यातली एकही गोष्ट नवीन नाही, निम्म्या तुम्ही स्वतःच बोलून गेलायत.

पोरगा अजून वॉर्डात आहे, मांडीवर ग्राफ्टिंग व्हायचंय. कॉन्ट्रॅक्टरने त्याच्या जागी कालच दुसरा घेतला, एकोणीस वर्षांचा असेल. मला सोमवारपासून रात्रपाळी आहे. नवीन सहा ड्रम उतरलेत असं कळलं. मी गेल्या गेल्या आधी शॉवरची साखळी ओढून बघणार आहे. तुम्ही कोणाला पाठवणार असाल तर सोमवारच्या आत पाठवा.

आपली,
एक बॉयलर केमिस्ट