तीन महिन्यांची शुगर उत्तम, आणि रात्री आकडा ५२

संपादक महोदय,

मधुमेहावर जे काही छापून येतं, त्यात साखर वाढू देऊ नका हे वारंवार बजावलेलं असतं. ती एकाच दिवसात वर-खाली होते आणि एकदम खाली गेली तर जिवावर बेतू शकतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या यजमानांना टाइप टू मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी, ६.८ आली आणि आम्ही निर्धास्त झालो. त्याच महिन्यात एका रात्री तीनच्या सुमाराला त्यांच्या असंबद्ध बडबडीने मला जाग आली. उशीचा अभ्रा घामाने भिजलेला, हात गार, विचारावं एक तर उत्तर भलतंच. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५२, म्हणजे शुगर फारच खाली. गिळता येत होतं म्हणून ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं. पंधरा मिनिटांनी ८१ दिसले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. (शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.)

६.८ म्हणजे सरासरी साधारण १४८. पण दुपारी अडीचशे आणि पहाटे पन्नास असले, तरी सरासरी देखणीच दिसते.

त्या रात्री ते जेमतेम दोन घास जेवले होते, गोळी मात्र नेहमीची घेतली होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिन या दुसऱ्या गोळीने सहसा असं होत नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला त्यानंतर कळली. सोबत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस ही मधुमेहाचीच गोळी असेल, तर शुगर लो झाल्यावर खाल्लेली साधी साखर अंगी लागायला वेळ लागतो. घरात ग्लुकोज पावडरच हवी. अकरा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं आणि नोंदींची वही ठेवायला सांगितली. जेवणाआधीचा आकडा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी दुसरा, शेजारी काय खाल्लं, किती चाललो, झोप कशी झाली. महिनाभरात वहीच बोलू लागली. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालले त्या दिवशी दुसरा आकडा हमखास कमी. सर्दी-तापात काही न खाताही जास्त. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, त्यामुळे उपाशीपोटीची वाढलेली दिसली म्हणून रात्रीचं जेवण तोडणं ही आमची मोठी चूक होती. एकदा २४३ बघून हबकलो. फळ सोलून हात न धुता बोट टोचलं होतं. हात धुऊन, पुसून पुन्हा पाहिलं तर १५१!

डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की कोणत्या गोळीने शुगर लो होऊ शकते आणि जेवण चुकलं तर तिचं काय करायचं, हे चिठ्ठीवर एका ओळीत लिहून द्यावं. रुग्णाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, पण त्याला विचारता तरी यावं. आणि आपण आरोग्य पुरवणीत शुगर लो होण्याची लक्षणं ठळक चौकटीत छापावीत: घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. ती चौकट कापून मी आमच्या फ्रिजवर लावीन, रात्री दिवा लावताच दिसेल अशी.

आपली,
एक वाचक