रेल्वेला वैरीण म्हणणाऱ्या बायका

मा. संपादक,
स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला नवीन शोधांवरचा लेख आवडला, तारखा-बिरखा सगळं व्यवस्थित होतं, पण ते यंत्र दारात आलं तेव्हा साध्या माणसांना काय वाटलं हे त्यात कुठेच आलं नाही आणि ते तर गाण्यांत भरून ठेवलंय, म्हणून लिहितेय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तोफांची सलामी दिली हे आपण शाळेत पाठ केलंय. पण पुढे उत्तरेत रेल्वे पोचली आणि गावागावांतले पुरुष पोटासाठी तिच्यात बसून लांबलांब जायला लागले, तेव्हा मागे राहिलेल्या बायकांनी तिला सरळ वैरीण म्हटलं. 'रेलिया बैरन' हे लोकगीत ऐकाच. त्यातली बाई म्हणते, ज्या तिकिटावर माझा माणूस जाणार त्यावर पाऊस पडू दे, तिकीटच विरघळून जाऊ दे! एवढं मोठं धूर ओकणारं इंजिन समोर असताना तिची नजर जाते त्या एवढ्याशा कागदावर, कारण तो भिजला की माणूस घरी राहणार. मला ही ओळ ऐकली की अजून गलबलून येतं. तिकडच्याच दुसऱ्या एका गाण्यात तर रेल्वेही वैरी नाही, जहाजही नाही, खरा वैरी पैसा असं म्हटलंय. शाळा न शिकलेल्या बायकांनी हे ओळखलं होतं. आणि आपल्याकडे गदिमांची झुकझुक गाडी बघा, ती पोराला मामाच्या गावाला नेते, म्हणून तिचा धूरसुद्धा गोड वाटतो.

टेलिफोनचंही तसंच. १९४९ च्या 'पतंगा' या हिंदी सिनेमातलं रंगूनहून फोन येणारं गाणं, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, नवऱ्याचा आवाजही त्यांचाच आणि बायकोचा शमशाद बेगमचा. तेव्हा फोन असलेली घरं किती होती हो? पण ज्यांनी कधी रिसीव्हर कानाला लावला नव्हता तेही हे गाणं गुणगुणायचे, कारण लांब गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायची ओढ सगळ्यांचीच होती.

आता माझ्या घरातलं सांगते. आमच्या गावात पिठाची गिरणी आली, इंजिनाची पुकपुक पार मळ्यापर्यंत ऐकू यायची आणि आज्जीचं जातं पडवीतून उचलून तुळशीमागे गेलं. बायकांचे हात सुटले, ते चांगलंच झालं, पहाटे उठून पायलीभर दळणं काय असतं ते त्यांनाच माहीत. पण जात्याबरोबर ओव्याही थांबल्या. आज्जी म्हणायची, "दळण वाचलं गं, पण आता बोलायचं कुणापाशी?" सासर-माहेर, भाऊ, विठ्ठल सगळं ती खुंटा धरूनच बोलायची.

हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हॅं यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण अजूनही खेड्यापाड्यांत ऐंशी-नव्वदीच्या आज्ज्या आहेत ज्यांना गिरणी, एसटी, रेडिओ आल्यावर म्हटलेली गाणी आठवत असतील. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला एक चौकोन यासाठी द्या ना, वाचक नातवंडं मोबाईलवर रेकॉर्ड करून, उतरवून पाठवतील. आमच्या गल्लीतल्या दोन आज्ज्यांचं मी या महिन्यातच करते.

आपली नेहमीची एक वाचक,
वाई