आत्या, तू पुन्हा भरायला लावलेल्या बॅगांबद्दल

तीर्थस्वरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन कितीतरी घरं बाहेर पडतात, आणि प्रत्येक घरात आदल्या दिवशी तुझ्यासारखी आत्या येऊन बसत नाही.

तू आलीस तेव्हा माझ्या चार बॅगा भरून झाल्या होत्या. एक माझी, एक ह्यांची, एक मुलांची, एक सासूबाईंची. तू एवढंच विचारलंस, “वाटेत धाकटीला उलटी झाली तर कुठली बॅग उघडशील?” मी मुलांची बॅग दाखवली. “आणि ती तेव्हा कुठे असेल?” डिकीत, सगळ्यात खाली. मग आपण दोघींनी चारही बॅगा पलंगावर रित्या केल्या.

सामान कुणाचं आहे हे तू पाहिलंच नाहीस. ते कधी लागणार तेवढं पाहून तू तीन ढीग केलेस: वाटेत लागणारं, पोचल्यावर पहिल्या रात्री लागणारं, आणि उरलेलं. इतकी वर्षं सामान भरते आहे, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

धाकटीला खरंच उलटी झाली. विमानातून उतरून पुढचा पाच तासांचा प्रवास गाडीने होता, त्यात तिसऱ्या तासाला. तुझी झिपची पिशवी माझ्या पायाशी होती. कपड्यांचा एक जोड, छोटा टॉवेल, ओले टिश्यू, खराब कपड्यांसाठी रिकामी प्लास्टिकची पिशवी. दहा मिनिटांत ती स्वच्छ होऊन माझ्या मांडीवर झोपलीसुद्धा. त्या पिशवीत ओआरएसची पाकिटं होती आणि बरोबर 1 लिटरची बाटली. तू बाटली मुद्दाम मोजून घ्यायला लावलीस, कारण आपल्याकडचं पाकीट 1 लिटर पाण्याचं होतं. अंदाजाने कमी पाण्यात कालवलं तर ते जास्त खारट होतं आणि मुलांना त्याने उलट अपायच होतो. कालवल्यावर 24 तासांत संपवायचं, म्हणून बाटलीवर वेळ लिहायला मार्करही ठेवला होतास. तो मार्कर मी वापरला, आत्या.

सासूबाईंच्या इन्शुलिनबद्दल तर तुझे आभार कसे मानू हेच कळत नाही. न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत ठेवायची एवढं मला माहीत होतं, म्हणून मी ती थेट बर्फाच्या पॅकला लावून ठेवणार होते. तू हात धरलास. इन्शुलिन एकदा गोठलं की वाया जातं, मग ते वितळलं तरी वापरायचं नाही. पॅक टॉवेलात गुंडाळून मध्ये आडोसा केलास, आणि ती डबी विमानात आमच्याजवळच राहील हे पाहिलंस. गाडीच्या प्रवासातही जेवायला उतरलो की औषधांची पिशवी आमच्याबरोबर उतरायची. उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, हे तू सांगितल्यापासून त्या पिशवीला मी एकदाही मागे सोडलं नाही.

पॉवर बँकही तू मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या बॅगेत टाकायला लावलीस. विमानात ती सोबतच न्यावी लागते, सामानात सोडता येत नाही. आमची 20,000 एमएएचची, म्हणजे 74 वॅट-अवर, विमानातल्या 100 वॅट-अवरच्या मर्यादेच्या आतली. काउंटरवर आमच्या पुढचं एक कुटुंब नेमकी तीच शोधायला अख्खी बॅग जमिनीवर उपसत होतं, लहान मूल रडत होतं. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

प्रत्येक मोठ्या बॅगेत प्रत्येकाचा एक तरी जोड घालायचा, हा तुझा आग्रह मला तेव्हा पटला नव्हता. कपडे शोधताना घोळ होईल असं वाटलं. पण आमची एक बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली, आणि तोवर पाचापैकी कुणाचंही अडलं नाही. घोळही झाला नाही, कारण शर्ट, पँट, चड्डी, मोजे असं एका दिवसाचं सगळं एकत्र गुंडाळून रबर लावलं होतंस. थोरला रोज आपली गुंडाळी स्वतः काढायचा.

त्याची सॅक तू वजनकाट्यावर ठेवलीस तेही आठवतं. त्याचं वजन 26 किलो, म्हणजे सॅक त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी, अडीच किलोच्या आसपासच हवी. नुसती भरलेली पाण्याची बाटलीच किलोभर! ती माझ्याकडे आली आणि तो न कुरकुरता चालला.

हवा काढून कपडे दाबायच्या पिशव्या मी घेऊन ठेवल्या होत्या, त्या तू बाजूला केल्यास. त्यांनी जागा वाचते, वजन तेवढंच राहतं, आणि परतताना घाईत कुणी हवा काढत बसत नाही. त्याऐवजी जाळीच्या साध्या पिशव्या बऱ्या, आत काय आहे ते दिसतं. इथे मी आता पूर्णपणे तुझ्या बाजूची आहे. जड वस्तू चाकांच्या बाजूला ठेवल्या, त्यामुळे ट्रॉली उभी राहिली, कलंडली नाही. बॅगेचा एक कोपरा रिकामा सोडलास, तो परतताना ओल्या टॉवेलांनी भरला.

पहिल्या रात्री पोचायला अकरा वाजले. मुलं झोपेत, सासूबाई थकलेल्या. मी एकच बॅग उघडली. रात्रीचे कपडे, ब्रश, चार्जर, सकाळची औषधं. बाकीच्या बॅगा दाराशी तशाच राहिल्या. मी दिवा मालवला तेव्हा साडेअकरासुद्धा झाले नव्हते. प्रवासाच्या पहिल्या रात्री मी इतक्या लवकर कधीच आडवी झाले नव्हते.

तू पुठ्ठ्यावर लिहिलेली यादी अजून बॅगेच्या आतल्या कप्प्यातच आहे. खाली मी दोन गोष्टी वाढवल्या आहेत: सासूबाईंचा जादा चष्मा, आणि कपडे वाळत घालायला दोरी व चार चिमटे. पुढच्या आठवड्यात येते तेव्हा ती घेऊन येईन. नको वाटेल ते खोड, राहिलं असेल ते लिही.

तुझी,
भाची